सर्व्हरबाईंचा निरोप

गाद्यांच्या त्या कंपनीत माणसं चाळीसच्या वर होती आणि सर्व्हरवर एका वेळी जागा तिसांनाच होती. सगळा घोळ एवढ्यातच आला. उशीच्या खोळीचं माप असो, कापसाच्या गाठींची नोंद असो की गिऱ्हाइकाला पाठवायचं पत्र असो, सगळं त्या एका मोठ्या यंत्रात राहायचं. ऑफिसातल्या टेबलावरून किंवा घरच्या कॉम्प्युटरवरून त्यात शिरायचं, आपापली खिडकी उघडायची आणि कामाला लागायचं. तीस खिडक्या उघडल्या की एकतिसाव्याच्या तोंडावर दार बंद. पडद्यावर ओळ यायची, ‘सध्या जागा नाही’, आणि तो माणूस तणतणत सर्व्हरबाईंकडे यायचा.

सर्व्हरबाई म्हणजे त्या यंत्राची देखभाल करणाऱ्या बाई. वरच्या मजल्याच्या टोकाला त्यांची खोली होती. यंत्र तापू नये म्हणून खोली इतकी गार ठेवलेली असायची की बाई बारा महिने स्वेटर घालून बसत. समोरच्या पडद्यावर यादी: कोण आत आहे, कोण नुसताच बसलाय, कोण कधीचा निघून गेलाय पण खिडकी तशीच उघडी टाकून गेलाय. शेवटच्या प्रकारावर बाईंचा विशेष राग. शेवटी त्यांनी नियम केला, की पंधरा मिनिटं ज्याचा माउस हलला नाही त्याला यंत्र आपोआप बाहेर काढेल.

नियम झाला आणि माणसं सुतासारखी सरळ आली असं बाईंना दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी खरेदीवाल्याच्या टेबलावर माउस मनगटी घड्याळावर ठेवलेला दिसला. सेकंदकाटा फिरेल तसा पडद्यावरचा बाण गुदगुल्या झाल्यासारखा थरथरत होता आणि खरेदीवाला खाली चहा पीत होता. पत्रव्यवहारवालीने आपला माउस दोऱ्याने फिरत्या पंख्याला बांधला होता. बाईंनी घड्याळ जप्त केलं, दोरा कापला. मग लोकांनी त्याहून पक्का उपाय काढला: घरातलं रिकामं माणूस.

सकाळी घरून आत शिरायचं, जागा पकडायची, आणि ऑफिसला निघताना घरातल्या आत्याला, सासऱ्यांना, आजोबांना माउसपाशी बसवायचं. नुसतं हलवत राहा म्हणायचं. ऑफिसात पोचलं की फोन करायचा, सोडा आता, आणि आपलीच खिडकी इकडे ओढून घ्यायची. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा फोन: धरा. अशी त्या गावात कितीतरी म्हातारी माणसं बसल्या जागी कंपनीच्या कामाला लागली होती, आणि कंपनीला त्याचा पत्ता नव्हता. बाईंना होता. कुणाच्या खिडकीत कोण आहे हे त्यांना हलवण्यावरून कळायचं. कामाचा माणूस माउस हलवतो तो कुठेतरी जायला. हे बाण नुसते फेऱ्या मारायचे, बागेत फिरायला आल्यासारखे. पण आता बाहेर काढायचं तरी कुणाला? माउस तर हलतोय. बाईंनी वर अर्ज केला की अजून वीस जागा विकत घ्या. साहेब म्हणाले, बघू. साहेबांचं ‘बघू’ म्हणजे काय हे कंपनीत सगळ्यांना माहीत होतं.

तर त्या दिवशी दीपगृहवाले आले.

हा गृहस्थ दीपगृहांना सामान पुरवणाऱ्या खात्यातला. त्याला गोल गादी हवी होती. दीपगृहाची खोली गोल असते, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे जिना बरोबर मधून वर जातो, म्हणून गादीला मधे भोकही हवं होतं. आयुष्यात कुणी भोकाची गादी शिवली नव्हती, त्यामुळे साहेब हरखून गेले होते. आखणी करायचं काम ड्रॉइंगवाल्याकडे होतं. तो सकाळपासून घरी बसून ती काढत होता. दीपगृहवाले दुपारी यायचे होते ते सकाळीच टपकले, आणि साहेबांनी ड्रॉइंगवाल्याला फोन करून असेल तसा निघून ये म्हणून सांगितलं. तो असेल तसा निघाला. आखणी यंत्रात उघडीच होती. ना ती जपून ठेवली, ना तिला नाव दिलं. फक्त चपला घालता घालता त्याने आईला हाक मारली आणि खुर्चीवर बसवलं. माउस थांबू देऊ नकोस, पडदा काळा झाला तर हे बटण दाब, आणि मी स्वतः येऊन सांगेपर्यंत कुणी काहीही म्हणो, ताबा सोडू नकोस.

हे कुणालाही सांगितलं असतं तर चाललं असतं, पण त्याच्या आईला सांगायला नको होतं. त्या बाईची सगळी नोकरी संग्रहालयात गेली होती. दगडी कुऱ्हाडींच्या खोलीत, दारापाशी, स्टुलावर. काम एकच: कुणी हात लावू नये. मंत्री आले, परदेशी पाहुणे आले, संग्रहालयाचे संचालक स्वतः आले, पण एकाचंही बोट तिने काचेला लागू दिलं नाही. ड्युटीवर फोन घ्यायचा नाही हाही तिथलाच नियम, म्हणून आपला मोबाइल तिने स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर ठेवून दिला आणि ती माउसपाशी जाऊन बसली.

ड्रॉइंगवाला ऑफिसात पोचला, टेबलाशी बसला, आपली खिडकी ओढून घेतली. गोल गादी पडद्यावर आली. दीपगृहवाले पुढे वाकले. तेवढ्यात पडदा काळा. घरी आईने बटण दाबलं होतं.

त्याने पुन्हा ओढली. या खेपेला जपून ठेवण्याची चौकट उघडली, नाव काय द्यायचं म्हणून यंत्राने विचारलं, त्याने ‘दीप’ एवढं लिहिलं, आणि पडदा काळा. मग हे सुरूच झालं. मुलगा इकडून ओढतोय, आई तिकडून ओढतेय, मधे ती गादी. घरी फोन लावला तर तो पिठाच्या डब्यावर वाजून वाजून गप्प झाला. शेजाऱ्यांना लावला तर तिथेही कुणी उचलेना. साहेब म्हणाले, काढून टाका त्या बाईला बाहेर. ड्रॉइंगवाला म्हणाला, बाहेर काढलं तर आखणीही जाईल. मग सगळी वरात सर्व्हरबाईंच्या गार खोलीत आली.

बाईंनी डोळे मिटून विचार केला. पासवर्ड बदलण्याचा अधिकार मुख्य कचेरीतल्या एका माणसाकडे होता आणि तो माणूस सुट्टीवर होता. घरून आत यायचा रस्ताच बंद करावा तर सगळ्यांचाच बंद झाला असता, आणि किती जणांचं अर्धवट काम बुडालं असतं कोण जाणे. एकच गोष्ट हातात होती. बाईंना बसल्या जागेवरून कुणाच्याही खिडकीत डोकावता यायचं, आणि वेळ पडली तर हातही घालता यायचा. त्यांनी डोकावलं. आखणी दिसली. तिच्यावरून आईचा बाण शांतपणे घिरट्या घालत होता.

बाईंनी हात घातला. बाण ‘जपून ठेवा’कडे न्यायला लागल्या. बाण अर्ध्या वाटेत थबकला आणि उलट्या दिशेने खेचला गेला. बाईंनी जोर केला. तिकडूनही जोर आला. बाण मधल्या मधे थरथरत राहिला. एकदा बाईंनी कशीबशी चौकट उघडली, तर आईने ‘रद्द’ दाबलं. दुसऱ्यांदा उघडली, पुन्हा रद्द. तिसऱ्या खेपेला आईने चौकट यायच्या आधीच बाण ‘रद्द’च्या जागी आणून ठेवलेला दिसला.

"हिला शिकवलं कुणी हे?" साहेबांनी विचारलं.

"कुणी नाही हो," ड्रॉइंगवाला म्हणाला. "ती काचेच्या कपाटापाशी बसायची."

मग बाईंनी त्याच खिडकीत कोरं पान उघडलं आणि त्यावर लिहिलं, ‘आई, मी ऑफिसातून बोलतेय. तुमचा मुलगा माझ्या शेजारी उभा आहे. जरा ताबा सोडा.’ बराच वेळ काही झालं नाही. मग एकेक अक्षर शोधत उत्तर उमटू लागलं. ‘असं बरेच जण म्हणतात.’

ड्रॉइंगवाल्याने बाईंना बाजूला केलं आणि लिहिलं की आई, मीच आहे. आईने विचारलं, लहानपणी मी तुला काय म्हणायचे? त्याने कानापर्यंत लाल होत ‘ढोलू’ असं लिहिलं. साहेबांनी दुसरीकडे पाहिलं. आईचं उत्तर आलं, की ते सगळ्या इमारतीला ठाऊक आहे. मग तिने पुढचा प्रश्न टाकला: ‘काल रात्री जेवताना मी काय सांगितलं?’

काल रात्री आपण जेवलो एवढं ड्रॉइंगवाल्याला आठवत होतं. आई समोर बसली होती, काहीतरी बोलतही होती, आणि तो मान हलवत फोनवर गोल गाद्यांची चित्रं बघत होता. त्याने ‘औषधाबद्दल?’ असं लिहिलं. नाही. ‘मावशीबद्दल?’ नाही. शेवटी त्याने हात टेकले आणि आठवत नाही म्हणून कबूल केलं.

थोड्या वेळाने उत्तर आलं. ‘माझ्या मुलालाही आठवलं नसतं. पण आठवत नसलेले पुष्कळ असतात.’

दीपगृहवाल्याने घड्याळ पाहिलं, त्याची बोट संध्याकाळी सुटणार होती. साहेब ड्रॉइंगवाल्याला म्हणाले, तू टॅक्सी कर आणि घरी जा. तो धावत सुटला. पण तो पोचेपर्यंत नुसतं बसून राहणं साहेबांना जमणारं नव्हतं. ते सर्व्हरबाईंना म्हणाले की तुम्ही तुमच्या अधिकारात काहीतरी पाठवा, ठणकावून, वरून आल्यासारखं.

सर्व्हरबाईंना यंत्रावरून कुणाच्याही पडद्यावर निरोप पाठवता यायचा. लाल पट्टीची चौकट यायची, आवाज व्हायचा आणि ‘ठीक’ दाबल्याशिवाय ती जायची नाही. बाईंनी लिहिलं: ‘ज्यांचं इथे काही काम नाही त्यांनी ताबडतोब बाहेर पडावं. हुकमावरून.’ साहेबांनी ‘ताबडतोब’ ठळक करायला लावलं. बाईंनी बटण दाबलं. आणि दाबल्यावर त्यांच्या लक्षात आलं की निरोप कुणाला पाठवायचा त्या जागी एका खिडकीचं नाव निवडायचं होतं, ते राहून गेलं. वर लिहिलेलं होतं: ‘सर्वांना’.

जेवणाची सुट्टी नुकतीच सुरू झाली होती. कंपनीतली माणसं डबे उघडून बसली होती, म्हणजे खिडक्या सगळ्या घरच्यांच्या हातात होत्या.

आधी यादीतलं एक नाव गेलं. मग दोन, मग पाच-सहा एकदम. बाईंनी चष्मा पुसला. इतकी वर्षं त्यांनी सूचना लावल्या, हात जोडले, नियम केले, कुणी हललं नव्हतं, आणि आज पडद्यावर जागाच जागा. त्यांना भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर छातीत काहीतरी हलकं झालं. शेवटी यादीत मोजकी नावं उरली. त्यातलं एक ड्रॉइंगवाल्याचं. त्याच्या आईने निरोप वाचला होता, ‘ठीक’ दाबलं होतं आणि कोऱ्या पानावर लिहिलं होतं, ‘मला काम आहे.’

मग बराच वेळ बाई, साहेब आणि दीपगृहवाले तिघंही तो घिरट्या घालणारा बाण बघत बसले. बाईंना राहवेना. त्यांनी पानावर विचारलं की आई, काल जेवताना तुम्ही काय सांगितलं होतं? तुमच्या मुलाला मी सांगणार नाही. उत्तर सावकाश आलं. ‘खुर्ची टोचते. खाली काहीतरी घालायला आण.’ साहेबांनी ते वाचलं. गाद्यांच्या कंपनीच्या साहेबांनी. ते उठून खिडकीबाहेर बघू लागले.

काही वेळाने बाण थांबला. सकाळपासून पहिल्यांदाच. पानावर दोन शब्द उमटले: ‘आला. दिला.’ मग चौकट उघडली, नाव लिहिलं गेलं, आणि आखणी जपून ठेवली गेली.

आता दीपगृहवाल्याने आखणी नीट पाहिली. सकाळभर माउस हलवताना आईच्या हातून कधीतरी बटणही दाबलं गेलं असणार, कारण मधलं भोक सरकत सरकत पार कडेला गेलं होतं. चावा घेतलेल्या भाकरीसारखी गादी दिसत होती. साहेब घाईघाईने म्हणाले, ते काय, पुन्हा मधे आणू. पण दीपगृहवाल्याच्या कपाळावर आठी पडली. जिना खरंच मधे असतो की कडेला, हे आता त्याला खात्रीने सांगता येईना. त्याने दीपगृहातल्या राखणदाराला फोन लावला. राखणदार म्हणाला, जिना बाहेरून आहे. भोक कशाला पाडताय, माणूस पडेल ना त्यातून. तेव्हा साधी गोल गादी ठरली, दीपगृहवाले बोटीकडे गेले, आणि दिवस संपला असं बाईंना वाटलं.

तेवढ्यात खालून विक्रीवाला आला. चेहरा पडलेला. "बाई, जरा खाली या. गाद्यांवर माणसं बसलीयेत."

तळमजल्यावर विक्रीचं दालन होतं. नमुन्याच्या गाद्या पलंगांवर मांडलेल्या, प्रत्येकीवर पाटी: मऊ, मध्यम, कडक. आज प्रत्येक गादीवर एकेक, कुठे दोन-दोन म्हातारी माणसं बसली होती. मांडीवर पिशव्या. खरेदीवाल्याचे आजोबा छत्री घेऊन आले होते. पत्रव्यवहारवालीच्या आत्याने औषधांची पेटी आणि एक उशी आणली होती. साहेबांच्या सासूबाई ‘कडक’वर ताठ बसल्या होत्या, आणि त्यांना बघताच साहेब आल्या पावली वर निघून गेले. कंपनीतली माणसं दाराशी घोळका करून उभी होती, आपापल्या माणसापुढे जायची कुणाची छाती होत नव्हती.

गोष्ट सरळ होती. घराघरात पडद्यावर लाल अक्षरांत आलं होतं की ज्यांचं इथे काही काम नाही त्यांनी ताबडतोब बाहेर पडावं. ‘इथे’ म्हणजे घरात, असंच त्यांनी धरलं. बसले होते ते घरातच. कुणाला राग आला, कुणी रडलं, आत्या म्हणाल्या की मला हे कधीतरी येणार हे ठाऊकच होतं. सगळ्यांनी आधी कॉम्प्युटर बंद केला, मग कपडे भरले, गॅस बंद केला आणि ते बाहेर पडले. बाहेर पडल्यावर जायचं कुठे हे निरोपात लिहिलं नव्हतं, म्हणून विचारायला ते जिथून निरोप आला तिथे आले.

बाईंनी माफी मागितली. निरोप तुम्हाला नव्हताच, चुकून गेला, खुशाल घरी जा म्हणून परोपरीने सांगितलं. खरेदीवाल्याचे आजोबा शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "तोंडी नको. काढलंत लेखी, तर बोलावणंही लेखी हवं. तशाच लाल पट्टीत."

सगळ्या गाद्यांवरून माना हलल्या. बाई म्हणाल्या, पाठवते, पण तो निरोप घरच्या पडद्यावर येईल, वाचायला घरी जावं लागेल. आजोबा म्हणाले, निरोप आल्याशिवाय घरी कसं जायचं? बाई दोन पायऱ्या वर चढल्या, परत दोन उतरल्या. मग त्यांची नजर बिलं करायच्या कॉम्प्युटरवर गेली.

त्यांनी विक्रीवाल्याला उठवलं. एकेका माणसाला त्याच्या घरच्याच्या खिडकीतून आत घेतलं. यंत्रावर आज जागेला तोटा नव्हता. खुर्ची पुढे केली, आणि प्रत्येक वेळी वर आपल्या खोलीत जाऊन वेगळा निरोप पाठवला. लाल पट्टी, ठळक अक्षरं: ‘घरी यावं.’ माणूस वाचायचा, पुन्हा वाचायचा, स्वतःच्या हाताने ‘ठीक’ दाबायचा, आणि पिशवी उचलून दाराशी उभ्या असलेल्या आपल्या माणसाबरोबर निघायचा. आत्यांनी तो कागदावर छापून मागितला. साहेबांच्या सासूबाईंनी साहेबांना खाली बोलावून तो त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतला.

दालन रिकामं झालं. खुर्ची आत सरकवताना बाईंना कोपऱ्यात ‘मऊ’वर अजून एक जण दिसला. पाठमोरा, डोक्याला मफलर. त्यांचे सासरे.

"बाबा, तुम्ही?"

बाईंना कधी कळलंच नव्हतं. घरचा त्यांचा कॉम्प्युटर रोज चालूच राहायचा, अडीअडचणीला लागतो म्हणून. त्यावर मधूनच चौकट यायची, ‘तुम्ही अजून आहात का?’ सून कामावर, मुलगा कामावर. सासरे पहिल्यांदा घाबरले होते, मग त्यांनी ‘हो’ दाबून पाहिलं, चौकट गेली. तेव्हापासून ते रोज दर पंधरा मिनिटांनी उठून ‘हो’ दाबत होते. कुणी सांगितलं नव्हतं. सुनेच्या यादीत त्यांचीही एक जागा होती, आणि सून रोज ती आपलीच समजून पुढे सरकत होती.

बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, आपल्या नावाने आत शिरल्या आणि वर जाऊन निरोप पाठवला. खाली येऊन बघतात तर सासरे चष्मा नाकावर सरकवून पडद्याकडे बघत बसलेले. ‘ठीक’ दाबायला तयार नाहीत.

"काय झालं?"

"सगळ्यांना हेच लिहिलंस?"

"हो."

"यात ‘कृपया’ नाही."

बाई पुन्हा जिना चढून गेल्या. या वेळी त्यांनी ‘कृपया’ घातलं, आणि थोडं थांबून पुढे लिहिलं की मी खाली येतेय, बरोबरच निघू. सासऱ्यांनी ते वाचलं, ‘ठीक’ दाबलं, आणि उठताना हाताने गादी एकदा दाबून पाहिली. मऊ म्हणतात पण फारशी नाही, असं त्यांचं मत पडलं.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी वीस नव्या जागा मंजूर केल्या. सासूबाईंनी सांगितलं म्हणून केल्या, असं विक्रीवाला म्हणतो.